शेपूवरच्या अळ्या आणि इनोबत आपा

तुमच्या शाळेत फरशी पुसणाऱ्या बाईचं नाव काय होतं? नाही, आठवायला वेळ घेऊ नका. मुख्याध्यापकांचं नाव फाडकन आलं असतं तोंडावर. गणिताच्या मास्तरांचं तर छडीसकट आलं असतं. बाईचं? ‘ती पुसायची ती’, एवढंच ना? असू द्या. आमच्या तुतझोरच्या शाळेत मात्र ‘ती पुसायची ती’ म्हणायची कुणाची छाती नव्हती. आमच्या बाईचं नाव इनोबत आपा. ओल्या फरशीवरून कुणी बूट घालून गेलं की आपा त्याच्या आजोबांपासून सुरुवात करायची, आणि आजोबांना ती चांगली ओळखून असायची.

बुटकी, रुंद, डोक्याला फुलांचा रुमाल, पायात रबरी बूट, वरच्या ओळीत सोन्याचे दात. रागावली की दात चमकायचे, हसली की जरा जास्त चमकायचे, त्यामुळे लांबून येणाऱ्याला आपलं काय होणार याचा अंदाज लागायचा नाही. फरशी पुसणं ही तिची नोकरी झाली. तिचा खरा हुद्दा वेगळाच. आपा अळ्यांची बाई होती. रेशमाच्या.

वसंत आला की आमच्याकडे घरातली सगळ्यात चांगली खोली, पाहुण्यांची, गालिच्याची, ती रेशमाच्या अळ्यांना जाते आणि माणसं ओसरीवर झोपतात. पाहुणा आला तर चहा ओसरीवर. नवरा घोरत असेल तर तो अंगणात, कारण अळीची झोपमोड होते. नवऱ्याची झालेली चालते. दिवसरात्र तुतीच्या फांद्या तोडून आणायच्या आणि त्यांच्यापुढे टाकायच्या. त्या खायला लागल्या की सासरची सगळी माणसं एकदम सूर्यफुलाच्या बिया फोडायला बसल्यासारखा आवाज येतो. त्या खोलीत कांदा खाऊन जायचं नाही, अत्तर लावून जायचं नाही, भांडायचं नाही, मोठ्यानं बोलायचं तर नाहीच. शेवटी अळ्या झुडपाच्या काटक्यांवर चढतात, स्वतःभोवती धागा गुंडाळून घेतात, की लगेच ते पांढरे कोष पोत्यांत भरून संकलन केंद्रावर पळायचं. लगेच म्हणजे लगेच. उशीर झाला तर आतला जीव कोष फोडून बाहेर येतो, धागा तुटतो, आणि वसंतभराची मेहनत कचऱ्यात.

या सगळ्यात इनोबत आपाचा हात धरणारं गावात कुणी नव्हतं. “माझ्या हातची अळी मरत नाही,” हे ती सांगायची. दुकानात, बसमध्ये, अंत्ययात्रेतसुद्धा.

आता हे सुरू कसं झालं ते ऐका. पहिलीच्या वर्गाला झेबिनिसो नावाची नवी मुअल्लिमा, म्हणजे मास्तरीणबाई, आली होती. शहरातली, फरगान्याची, पहिलीच नोकरी. पोरगी हुशार, मनानं चांगली, पण किड्यांची इतकी धास्ती, की माशी बसली तरी वही उगारून उठायची. तिच्या वर्गात मुनोजोत नावाची एक मुलगी होती. पुढचे दोन्ही दात पडलेले, पण आवाज असा की तिच्या घरी कोंबडा पाळायची गरज नव्हती. ही मुनोजोत एका सकाळी शेपूची भलीमोठी जुडी घेऊन आली.

“मुअल्लिमा, तुमच्यासाठी! आजीच्या वाफ्यातला!”

झेबिनिसोनं कौतुकानं जुडी नाकाशी नेली. नाकासमोर एक अळी होती. हिरवीगार, अंगावर काळे पट्टे, पट्ट्यांत नारिंगी ठिपके. अळीनं मुअल्लिमाकडे पाहिलं. मुअल्लिमानं अळीकडे पाहिलं. अळीनं डोक्यातून दोन नारिंगी शिंगं बाहेर काढली आणि सडक्या खरबुजासारखा वास सोडला. पुढच्या क्षणी मुअल्लिमा खुर्चीवर उभी होती आणि जुडी टेबलावर पसरली होती. त्यात एक नाही, चांगल्या बाराएक अळ्या होत्या.

सगळा वर्ग तिच्याकडे बघत होता. खाली उतरावं तर अळ्या, वर राहावं तर इज्जत.

“मुलांनो,” ती खुर्चीवरूनच म्हणाली, “आज आपण निसर्ग शिकणार आहोत.”

माणूस अडचणीत सापडला की असा चांगला धडा सुचतो. तिनं तिथूनच सांगितलं, ही अळी खाईल, मोठी होईल, मग कोष करील आणि त्यातून फुलपाखरू निघेल. आपण त्यांना वर्गात ठेवू, रोज बघू, चित्रं काढू, आणि वर्ष संपताना शेवटच्या घंटेच्या दिवशी सगळ्यांच्या आईवडिलांसमोर फुलपाखरं सोडू. मुलांनी असा काही गलका केला की शेजारच्या वर्गातला फळा हलला म्हणतात. संध्याकाळपर्यंत मुनोजोतनं ही बातमी गावाला दिली होती. गाव लहान आहे, पण तरीही.

दुसऱ्या दिवशी आपा बादली घेऊन वर्गात आली. बघते तर झेबिनिसो हात लांब करून, मान मागे टाकून, एका अळीला चहाच्या चमच्यानं बरणीत ढकलते आहे.

आपानं बादली खाली ठेवली.

“अळीला चमच्यानं उचलतात होय? तुझ्या आईनं तुला चमच्यानं उचललं होतं का गं?”

“आपा, ती वास सोडते हो.”

“सोडणारच. कुणीतरी कांदा खाल्लाय.” आपानं वर्गावर नजर फिरवली. “कुणी खाल्लाय?”

एल्योर नावाचा एक गुबगुबीत मुलगा रोज कांद्याचा समसा, आमचा भट्टीतला सामोसा, खाऊन यायचा. त्यानं मुकाट्यानं हात वर केला.

“बाहेर जा. तोंड धू. आणि उद्यापासून भोपळ्याचा समसा खायचा.”

एल्योरच्या डोळ्यांत पाणी आलं. कांद्याचा आणि त्या वासाचा काडीइतका संबंध नव्हता, ती त्या अळीची जातच तशी. पण आपानं निकाल दिला होता. शेपू, अळ्या, बरणी, वर्ग, सगळ्याचा ताबा त्या दिवसापासून तिच्याकडे गेला. झेबिनिसोनं चमचा दिला तो आनंदानं दिला.

पहिलं भांडण अळ्यांशीच झालं. आपानं स्वतःच्या अळ्यांच्या तोंडचा कोवळा तुतीचा पाला आणून बरणीत घातला. अळ्यांनी ढुंकून पाहिलं नाही. तिनं पाला बारीक कापला, झग्याच्या टोकानं पुसला, हातावर धरून ऊब दिली. छे. एक अळी तर पानावरून चालत जाऊन पलीकडच्या वाळक्या शेपूला तोंड लावून बसली.

“तुतीला नाही म्हणते?” आपा कमरेवर हात ठेवून म्हणाली. “एवढीशी तू, आणि तुतीला नाही म्हणतेस?”

घरी जाऊन तिनं हे नवऱ्याला सांगितलं तेव्हा तोही अंगणातल्या खाटेवर उठून बसला. आमच्या गावात तुतीचा अपमान म्हणजे काय हे तुम्हाला कळायचं नाही. पण आपा हार मानणाऱ्यातली नव्हती. शेपू तर शेपू. रोज प्रत्येक मूल जुडी घेऊन यायचं. त्या महिन्यात गावातला शोरपा, म्हणजे मटणाचा रस्सा, शेपूशिवाय झाला, आयांनी कुरकुर केली, एक-दोन सासवांनी सुनांवर आळ घेतला. अळ्या मात्र बोटाएवढ्या झाल्या.

मग आल्या अळ्यांच्या खोलीतल्या रीती. मोठ्यानं बोलायचं नाही. चवड्यांवर चालायचं. खुर्ची ओढायची नाही, उचलायची. आपा दाराशी फडकं घेऊन उभी, आणि पहिलीचा वर्ग कुजबुजत पाढे म्हणतोय: “दोन एके दोन, दोन दुणे चार,” असं, चोर वाटणी करत बसल्यासारखं. मुनोजोतला सगळ्यात कठीण गेलं. पहिले दिवस ती तोंडावर दोन्ही हात दाबून बसायची आणि डोळे बाहेर यायचे. पण शिकली. सगळी शिकली.

एकदा मुख्याध्यापक तोलिबजोन-अका (अका म्हणजे दादा) व्हरांड्यातून चालले होते. पहिलीच्या वर्गातून आवाजच येईना. त्यांना वाटलं, वर्ग पळून गेला. त्यांनी घाईनं दार उघडलं तर आत सगळी मुलं हाताची घडी घालून बसलेली, आणि सगळ्यांनी एकदम ओठांवर बोट ठेवून त्यांना सांगितलं, श्श.

तोलिबजोन-अका वीस वर्षं शाळा चालवत होते. त्यांना कुणी श्श केलेलं नव्हतं. त्यांनी माफी मागितली, हळूच दार लावलं आणि व्हरांड्यातून चवड्यांवर निघून गेले.

एका मधल्या सुट्टीत मुनोजोतनं आपाची बाही ओढली. “आपा, सगळी जगतील ना? मी सगळ्यांना सांगितलंय.”

“मला विचारतेस? माझ्या हातची अळी मरत नाही.”

“शपथ?”

“भाकरीची शपथ.”

आमच्याकडे भाकरीवर हात ठेवून माणूस खोटं बोलत नाही. त्यामुळे ही गोष्ट इथंच पक्की झाली. शेवटच्या घंटेला सगळ्या गावासमोर या अळ्या जिवंत असल्या पाहिजेत, नाहीतर आपाचा शब्द गेला. आणि तिच्याजवळ शब्दाखेरीज दुसरं होतंच काय? एक बादली, तीही शाळेची.

आता नीट ऐका, कारण सगळा घोळ इथं झाला. त्याच दुपारी झेबिनिसो म्हणाली, “आपा, किती सुंदर फुलपाखरं निघतील ना यातून!”

“बाई गं, माझं आयुष्य कोष काढण्यात गेलं. कोषातून काय निघतं ते तू मला सांगतेस?”

“काय निघतं?”

“भोक.”

झेबिनिसो खळखळून हसली. तिला वाटलं, आपानं विनोद केला. हसत हसत ती हजेरी लिहायला गेली. आपानं विनोद केलेला नव्हता. झेबिनिसो बसून दोन वाक्यं बोलली असती तर पुढचा सगळा गोंधळ टळला असता, पण शिकलेल्या माणसांना पुसणाऱ्या बाईशी बोलताना बसायचं सुचत नाही. उभ्या उभ्या बोलतात आणि मग म्हणतात, तिला कळलं नाही.

आपाला जेवढं माहीत होतं तेवढं खरंच होतं. लग्न करून आली त्या वर्षी काटक्यांत एक कोष राहून गेला होता, आणि त्यातून निघालेलं तिनं पाहिलं होतं. पांढरं, लठ्ठ, केसाळ. पंख होते, पण उडता येत नव्हतं. तोंड होतं की नाही देव जाणे, खात काही नव्हतं. नुसतं थरथरत गोल गोल फिरलं, अंडी घातली आणि मेलं. सासूनं वर तिलाच बोल लावला. तेव्हापासून कोषातून काय निघतं या प्रश्नाचं उत्तर आपाच्या लेखी भोक आणि बोलणी, एवढंच होतं. फुलपाखरं, तिच्या मते, बागेत असतात. ती तिथंच असतात. कुठून येतात हे विचारायला तिला फुरसत झालेली नव्हती.

मग एके दिवशी अळ्यांनी खाणं सोडलं. आपानं ओळखलं, वेळ आली. तिनं आपल्या घरच्यासारख्याच सुक्या झुडपाच्या काटक्या आणून बरणीत उभ्या केल्या. अळ्या चढल्या. मुलं श्वास रोखून बघत बसली. आपाही बघत बसली, धागा कसा निघतो ते.

धागा निघाला. एक. प्रत्येक अळीनं काटकीला पाय टेकवले, कमरेभोवती एक धागा घेतला आणि उंच भिंत रंगवणारा रंगारी दोरीला टेकून उभा राहतो तशी टेकून राहिली. दुसऱ्या दिवशी अंगावरची कातडी गळून पडली आणि उरली एक वाकडी, टोकेरी, मातकट शेंग.

“झालं?” आपा म्हणाली. “एवढंच?”

मुलं टाळ्या वाजवायच्या बेतात होती, पण आवाज करायचा नाही म्हणून त्यांनी हवेतच हात हलवले. आपाचा चेहरा मात्र पडला. गावभरचा शेपू खाऊन एक धागा! तिनं एक काटकी कानाशी धरून हलवली. चांगला कोष हलवला की आत खुळखुळतो. हे काही बोलेना. उलट शेंगेनं कंबर झटकली, झोपेत पांघरूण ओढल्यासारखी.

“आळशी,” आपा तिच्या कानात म्हणाली. “कामचुकार. नागडी.”

रात्रंदिवस तिच्या डोक्यात एकच चाललं होतं. कोष तर असले भिकार. त्यातून आता भोक पडून काहीतरी पांढरं, लठ्ठ, लंगडं बाहेर येणार. सगळ्या गावासमोर येणार. मुनोजोत रडणार. सगळे म्हणणार, इनोबतच्या हातची अळी बघा. त्यापेक्षा माल फुटायच्या आत केंद्रावर घालावा. मुलांना सांगता येईल की तुमचे कोष पास झाले. ती खूश होतील आणि आपला शब्दही राहील, कारण मेलं कुठं काही? दिलं! तिच्या घरच्या मालाची पोती रविवारी जायचीच होती. शाळेला सुट्टी होती. किल्ली आपाकडे होती.

संकलन केंद्रावर सोतवोल्दी-अका बसायचा. पोट मोठं, आवाज त्याहून मोठा, आणि डोक्यावर चारचौकोनी टोपी. आपाचा पांढराशुभ्र माल त्यानं तराजूवर घेतला, मान डोलावली. मग आपानं पिशवीतून काटक्या काढल्या.

“हे काय?”

“शाळेचा माल. पहिल्या दर्जात घे.”

सोतवोल्दीनं एक काटकी उजेडाकडे धरली. “इनोबत, ही कोंबडीची शी आहे का गं?”

“तुझ्या डोळ्यांत आहे ती. लेकरांनी पाळलेत. घे म्हणते ना.”

“अगं, यावर रेशीम कुठाय?”

“एक धागा आहे.”

“एक?” सोतवोल्दी एवढ्यानं हसला की तराजूचा काटा हलला. “माझ्या मोज्यातून याहून जास्त निघेल!” आणि त्यानं काटक्या उचलून कोपऱ्यातल्या ढिगावर भिरकावल्या. डागी कोष, फुटके कोष, जोडकोष, असला बाद माल तिथं छातीइतका साचलेला असायचा. आपानं त्याच्या आजोबांपासून सुरुवात केली. ती वडिलांपर्यंत पोचली तेव्हा मागची रांग ओरडायला लागली. शेवटी सोतवोल्दीनं खिशातून मूठभर गोळ्या काढून तिच्या हातावर ठेवल्या. “जा बाई. लेकरांना दे. म्हणावं, पास झाला माल.”

सोमवारी सकाळी मुलं वर्गात आली. बरणी रिकामी, धुऊन पालथी घातलेली. शेजारी आपा उभी, सोन्याचे दात चमकवत, हातात गोळ्या.

“बघा काय आणलंय! तुमचा माल पहिल्या दर्जात गेला!”

कुणी गोळी घेतली नाही. एल्योरनंसुद्धा नाही, आणि हे त्याच्या आयुष्यात पहिल्यांदा घडलं होतं.

“कुठं गेला?” मुनोजोतनं विचारलं. अजूनही कुजबुजतच.

“केंद्रावर. सगळ्यांचा जातो तसा.”

“तिथं काय करतात?”

“वाफ देतात. मग धागा काढतात.”

“आणि आतलं?”

इतक्या वसंतांत हा प्रश्न आपाला कुणी विचारलेला नव्हता. तिनं झेबिनिसोकडे पाहिलं. झेबिनिसो भिंतीसारखी पांढरी झाली होती.

“आपा,” ती म्हणाली, “त्यात फुलपाखरं होती. मी म्हटलं होतं ना तुम्हाला.”

“ती गोष्ट होती ना गं? मुलांना सांगतात तसली?”

“गोष्ट नव्हती.” आणि ती खाली बाकावर बसली, आपाला शेजारी बसवलं आणि सांगितलं. दोनच वाक्यं लागली. बागेतली फुलपाखरं कुठून येतात हे इनोबत आपाला या वयात, पहिलीच्या बाकावर बसून कळलं.

तिनं रबरी बूट चढवले. दाराशी जाऊन मागं वळली.

“बसलात काय? वाफेची खोली दुपारी पेटते, बाद मालही त्यातच जातो. उठा!”

अख्खा पहिलीचा वर्ग गावातून पळत गेला. पुढं आपा, मागं मुलं, सगळ्यांत मागं टाचांचे बूट हातात घेतलेली झेबिनिसो. लोकांना वाटलं, भूकंप झाला. एक म्हातारी तर खरंच अंगणात येऊन उभी राहिली.

केंद्रावर सोतवोल्दी चहा पीत बसला होता. बघतो तर दारातून मुलं आत येताहेत. चवड्यांवर. एकामागून एक, ओठांवर बोट ठेवून, एकही शब्द न बोलता. आली आणि बाद मालाच्या ढिगाभोवती गोल बसली. आत कोष असतील तिथं आवाज करायचा नाही, हे त्यांना शिकवलेलं होतं, आणि इथं तर कोषांचा डोंगर होता.

सोतवोल्दीच्या हातातला चहा सांडला. “इनोबत! या पोरांना काय पाजलंयस?”

“हळू बोल,” आपा कुजबुजली. “झोपलेत.”

“कोण?” तोही कुजबुजला. का ते त्यालाही कळलं नाही.

“फुलपाखरं. तू कोंबडीची शी म्हणालास ती.”

मुलांनी एकेक कोष उचलून बाजूला ठेवायला सुरुवात केली. आवाज म्हणून नाही. हळूहळू ती साथच पसरली. हमाल पोती टाकायचे, ते अलगद ठेवायला लागले. रांगेतल्या बायका एकमेकींच्या कानात भांडायला लागल्या. बाहेर एका ट्रकवाल्यानं भोंगा वाजवला तर सोतवोल्दी स्वतः धावत गेला आणि दोन्ही हात जोडून त्याला इंजिन बंद करायला लावलं. झेबिनिसो गुडघ्यांवर बसून ढिगात कोपरापर्यंत हात घालत होती. त्या ढिगात मेलेल्या अळ्या असतात, चिकट डाग असतात, वास तर विचारू नका. चमचा ती विसरली होती.

एक काटकी सापडली. आपानं ती तळहातावर घेतली. शेंगेनं कंबर झटकली.

“जिवंत आहे,” आपा म्हणाली, आणि तिचा आवाज असा निघाला की सोतवोल्दीनं तिला आपला उरलेला चहा दिला.

मग दुसरी. तिसरी. ढीग इकडून तिकडे झाला. मुनोजोतनं सगळ्या ओळीनं मांडल्या, बोट ठेवून बघितल्या आणि मान वर केली.

“एक नाही.”

ढीग परत तिकडून इकडे झाला. ती नव्हती ती नव्हतीच.

“माझ्या हातची अळी,” आपानं सुरुवात केली, आणि वाक्य तसंच सोडून दिलं.

त्यानंतरचा आठवडा शाळेची फरशी कधी नव्हती एवढी चकचकीत होती, आणि त्यावरून बूट घालून गेलं तरी आपा काही बोलत नव्हती. मुलं घाबरली. एल्योरनं मुद्दाम तिच्यासमोर कांद्याचा समसा खाऊन पाहिला. तिनं फक्त “चव आहे का?” एवढं विचारलं. मुनोजोतनं तिला सांगितलं की एक गेली तरी चालेल. पण भाकरीची शपथ एका अळीपुरती सुटत नसते, हे दोघींनाही ठाऊक होतं.

शेवटच्या घंटेचा दिवस उजाडला. अंगणात आईवडील, फुलं, फीत बांधलेल्या वेण्या, आणि पांढरा नवा सदरा घालून तोलिबजोन-अका भाषण करत होते. टेबलावर बरणी. नेमकी तेव्हाच पहिली शेंग उकलली. बाहेर आलं ते काहीतरी ओलं, चुरगळलेलं, बोळा केलेलं.

“बघ,” आपा हताशपणे म्हणाली, “सांगितलं होतं मी. पिळून ठेवलेलं फडकं.” आणि सवयीनं ते झटकून सरळ करायला तिचा हात पुढं गेला.

झेबिनिसोनं मनगट धरलं. “आपा, हात नको. थांबा.”

कुठलंही फडकं चुरगळलेलं दिसल्यावर आपा काही न करता उभी राहिल्याचा हा एकच प्रसंग. ती थांबली. बोळ्यात जीव भरला. घड्या उघडल्या. पिवळ्यावर काळ्या रेघा, काठाला निळं, खाली टोकाला लाल ठिपका, जशी आमच्या बायकांच्या लग्नातल्या अत्लस रेशमावर नक्षी असते तशी. मग दुसरं, मग तिसरं. सगळ्या काटक्या भरल्या.

“अगं बाई!” आपा म्हणाली. “धागा दिला नाही म्हणून मी शिव्या घातल्या. आणि यांनी सरळ कापडच करून आणलं!”

तोलिबजोन-अका भाषण सोडून कौतुकानं बरणीवर वाकले. नव्यानं निघालेलं फुलपाखरू उडण्याआधी पोटातलं राहिलेलं पाणी सोडतं, तांबूस रंगाचं. पांढऱ्या सदऱ्यावर ते छान दिसलं. अंगणात हशा फुटणार, तेवढ्यात फाटकापाशी कुणीतरी म्हणालं, “श्श!”

सोतवोल्दी होता. उघड्या डोक्यानं, घामाघूम, चवड्यांवर चालत. दोन्ही हातांवर त्यानं आपली टोपी धरली होती, भरलेल्या चहाच्या वाटीसारखी. केंद्राला कुलूप लावून, भर बाजारातून, समोर येणाऱ्याला कुजबुजत बाजूला करत तो तसाच आला होता. टोपीवर, पांढऱ्या नक्षीच्या बरोबर मध्ये, ते बसलं होतं. पंख उघडे.

“सकाळी तराजूच्या पारड्याखालून निघालं,” तो कुजबुजला. “वर चढत चढत खिळ्यावर टांगलेल्या टोपीवर गेलं. इनोबत, हे तुझंच का?”

आपानं पाहिलं. मग सगळ्या गावाकडे पाहिलं, सावकाश, एकेका चेहऱ्याकडे. मग मुनोजोतकडे.

“माझ्या हातची अळी मरत नाही,” ती म्हणाली. सोन्याचे दात असे चमकले की यावेळी लांबून बघणाऱ्यालाही कळलं.

“आता ओरडू?” मुनोजोतनं विचारलं.

“ओरड.”

त्या ओरडण्यानं सगळी फुलपाखरं एकदम उडाली. महिनाभराचं साठलेलं होतं.

पुढच्या वसंतात आपानं आपल्या मालातले मूठभर कोष केंद्रावर नेले नाहीत, खिडकीत ठेवले. भोकं पडली. पांढरी, लठ्ठ, न उडणारी ती निघाली. आपा त्यांच्याशेजारी बसून राहिली. सोतवोल्दीनं पोत्यातली तूट बघितली आणि काही विचारलं नाही.

तेव्हा एक करा. शेपूच्या जुडीत हिरवी, काळ्या पट्ट्यांची अळी सापडली तर चिरडू नका, मुलांना द्या, वर्गात ठेवू द्या. आणि ठेवलीत की तुमच्या शाळेत फरशी पुसणाऱ्या बाईला नावानं हाक मारा, शेजारी बसवा आणि आतून काय निघणार आहे ते तिला सांगा. नाव माहीत नसेल तर आधी ते विचारून या. जा.